समुपदेशकाच्या फॉर्मात विषयाचा निकाल कशाला?

वाचकांचे प्रश्न : नोकरी, नियम आणि कामाचा हिशेब

मागच्या अंकात वार्षिक कामगिरी अहवालावर, म्हणजे जुना सीआर आणि आताचा एपार, चार ओळी काय लिहिल्या तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप थांबायलाच तयार नाहीत. चवथीच्या तोंडावर लोकांना एवढा वेळ कसा मिळाला देव जाणे. बहुतेकांचं दुखणं एकच, आमचं काम एक आणि फॉर्म विचारतो दुसरंच. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत. पत्रं थोडी कापलीत, नावं अर्थातच घातलेली नाहीत.

प्रश्न : सर नमस्कार. मी एका अनुदानित हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे, आठवड्यातले काही दिवस दुसऱ्या शाळेतही जाते. माझा वर्षाचा अहवाल शिक्षकांच्याच फॉर्मवर भरला जातो. त्यात 'विषयाचा निकाल टक्के' असा रकाना आहे, तिथे हेडसर कधी नुसती रेघ ओढतात, कधी शाळेचा दहावीचा निकाल टाकतात. यंदा निकाल थोडा उतरला तर माझा शेरापण उतरला. माझं काम नेमकं कशावर तपासायला पाहिजे? – डिचोली तालुका

उत्तर : ताई, हेडसरांना दोष द्यायच्या आधी एक सांगतो, त्यांच्याकडे दुसरा फॉर्म नाहीच आहे. शिक्षकासाठी बनवलेला कागद होता तो त्यांनी तुम्हाला लावला, बांगडे मीटरपट्टीने मोजायला गेल्यासारखं झालं, आकडा येतो पण तो कशाचा ते कोणाला सांगता येत नाही. दहावीच्या निकालात तुमचा काहीच वाटा नाही असं मी म्हणत नाही हां, परीक्षेच्या धास्तीने आजारी पडणारं एखादं पोर तुमच्यामुळे हॉलपर्यंत पोचलं असेल. पण त्या निकालात गणिताचे सर आहेत, घरची परिस्थिती आहे, ट्युशन आहे, पेपर कसा निघाला ते आहे, त्यातून तुमचं तेवढं वेगळं काढायची सोय कुठल्याच शाळेकडे नाही.

मग तपासायचं कशावर? तर आधी कामाचे कप्पे पाडायचे, यालाच हल्ली डोमेन म्हणतात. मग प्रत्येक कप्प्यात चांगलं काम झालं तर काय दिसेल ते साध्या भाषेत लिहायचं आणि ते दाखवायला पुरावा कुठला चालेल तेही वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवायचं, मार्चमध्ये नाही. अमेरिकेत शाळांतल्या मानसशास्त्रज्ञांची एक राष्ट्रीय संघटना आहे, नॅस्प, तिने २०१० मध्ये अशी चौकट तयार केली आणि २०२० मध्ये सुधारून काढली, त्यात १० डोमेन आहेत. माहिती बघून निर्णय घेणं, शिक्षक-पालकांशी सल्लामसलत, अभ्यासात अडलेल्यांना आधार, मानसिक आरोग्य आणि वर्तनाच्या अडचणी, शाळा सुरक्षित ठेवणं, घर आणि शाळा जोडणं, सगळ्या थरांतल्या मुलांना न्याय, कायदा आणि नीती, असे ते डोमेन, एकदोन मी इथे सोडलेत. ती चौकट तिथल्या पदांसाठी आहे, तुमच्या पदाला जशीच्या तशी बसणार नाही. पण यादी वाचली तरी लक्षात येतं की निकाल टक्के हा शब्द त्यात कुठेच नाही.

मी असतो तर १० काही ठेवले नसते, हेडसर १० रकाने भरायला बसले की चौथ्यानंतर सगळीकडे 'चांगले' लिहून मोकळे होणार. पाच पुरेत. मुलांना थेट दिलेली सेवा, शिक्षक आणि पालकांबरोबरचं काम, सगळ्या शाळेसाठी घेतलेले उपक्रम, बाहेर पाठवणं आणि पाठपुरावा, आणि कायदा-गोपनीयता-नोंदी. एवढ्यात तुमचं वर्ष मावतं.

आता पुरावा. तुमच्याकडे रेफरलचं रजिस्टर असेलच, नसेल तर आजच घाला. नाव लिहायचं नाही, कोड नंबर. पुढे तारीख, मूल कोणी पाठवलं (टीचरने, पालकांनी की स्वतःहून आलं), पहिली भेट किती दिवसांनी झाली, पुढे काय ठरलं, पुन्हा कधी बघितलं. बस, एवढंच. हे रजिस्टर वर्षभर नीट भरलं तर त्यातून जे दिसतं ते कुठल्याही शेऱ्यापेक्षा बोलकं असतं. म्हणजे बघा, सुरुवातीला सगळी मुलं टीचरनेच 'हा वर्गात मस्ती करतो' म्हणून पाठवलेली असतात आणि पुढच्या टर्मला स्वतःहून येणारी वाढली, तर मुलांचा तुमच्यावर विश्वास बसलाय. पहिल्या भेटीला तीन-तीन आठवडे लागत असले तर एकतर तुमच्याकडे मुलं जास्त आहेत किंवा तुमचा वेळ दुसरीकडे जातोय. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, पाठवलेल्या मुलांपैकी खरोखर किती जण तिथे पोचले, किती घरच्यांनी 'लोक काय म्हणतील' म्हणून चिठ्ठी कपाटात ठेवली, हा पाठपुरावा तर तुमच्याशिवाय दुसरं कोणी करणारच नाही.

वेळावरून आठवलं. गैरहजर शिक्षकाच्या तासाला समुपदेशकाला वर्गावर पाठवायचं, ही खोड आपल्याकडे बऱ्याच शाळांत आहे. ते तास रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि अहवालात अडचणींच्या जागी द्या. तक्रारीच्या सुरात नको, नुसता आकडा द्या. नॅस्पचा सल्ला एका माणसामागे ५०० मुलं असा आहे, आणि तिकडच्याच शाळा समुपदेशकांच्या संघटनेचा २५०. तुमच्याकडे दोन शाळा मिळून पट किती ते तुम्हाला माहीत आहे, तोही आकडा शेजारी लिहा.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही मागितली तरी द्यायची नाही, मुलांच्या केस फाइली. 'काम दाखवा' म्हटलं की घाबरून फाइलींचा गठ्ठा टेबलावर ठेवणारे मी बघितलेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं २३ वं कलम गोपनीयतेचंच आहे. तपासणाऱ्याला रजिस्टरचे आकडे दाखवा, तुमची पद्धत दाखवा, फारतर नाव-गाव खोडलेला एखादा नमुना. पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची, गोष्ट वेगळी. तिथे १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि ते वेळेवर कळवलं की नाही हा तुमच्या पाचव्या डोमेनमधला सगळ्यात वजनदार मुद्दा धरायला पाहिजे.

आणि आता जे मला मुळात सांगायचंय ते. तुमचं काम तपासणं आणि शाळेचा समुपदेशन कार्यक्रम तपासणं हे दोन वेगळे हिशेब आहेत, आपल्याकडे दोन्ही एकाच कागदावर उरकतात आणि तिथेच घोळ होतो. तुम्ही काय केलंत, किती नीट केलंत, जे तुमच्या हातात होतं त्याचं काय केलंत, हा माणसाचा हिशेब. मुलांना या सगळ्याचा उपयोग झाला का, ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोचलं का, तुमची बदली झाली तर हे चालू राहील का, हा कार्यक्रमाचा. कार्यक्रमासाठी तर निकष तयारच आहेत, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या समितीने १९९१ मध्ये पाच दिले, गरजेला धरून आहे का, हेतू साधला का, खर्चाच्या मानाने काय मिळालं, दूरचा परिणाम काय, टिकेल का. २०१९ मध्ये सहावा घातला, बाकीच्या योजनांशी मेळ बसतो का. आपल्या नीती आयोगाचं मूल्यमापन कार्यालय समन्यायही बघतं. हा दुसरा हिशेब शाळेने आणि ज्या यंत्रणेने तुम्हाला नेमलं तिने द्यायचा. त्याचे मार्क कापून तुमच्या पगारवाढीच्या कागदावर चिकटवायचे नाहीत.

हेडसरांना पत्र लिहा, सोबत पाच डोमेनचा एकपानी कागद जोडा, आणि म्हणा की पुढच्या वर्षी यावर बघूया. भांडायला जाऊ नका. बहुतेक हेडमास्तरांना तो निकालाचा रकाना भरताना स्वतःलाही ओशाळं वाटत असतं.

प्रश्न : आम्ही पेपरात वाचतो की शिक्षणात राज्याची ग्रेड अमुक आली, तमुक आली. मी पालक-शिक्षक संघात आहे. ती ग्रेड म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांचं काम असं धरायचं का? मीटिंगमध्ये यावरून जोरात वाद झाला. – काणकोण

उत्तर : नाही बाब, अजिबात नाही. तुम्ही म्हणता ती पीजीआय, केंद्राची परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स. ती सगळ्या राज्याच्या यंत्रणेला लावलेली पट्टी आहे, तुमच्या शाळेतल्या टीचरचा फोटो तिच्यात कुठेच दिसत नाही.

पण ती कशी बनते हे मीटिंगमध्ये सांगण्यासारखं आहे. एकूण मार्क १०००. आताच्या २.० आवृत्तीत ७३ निर्देशक आणि सहा डोमेन. मुलं काय शिकली त्याला २४०, समतेला म्हणजे वेगवेगळ्या गटांतल्या मुलांमधल्या अंतराला २६०, इमारती आणि सोयींना १९०, कारभाराला १३०, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला १००, मुलं शाळेत येतात-टिकतात का त्याला ८०. आता गंमत बघा, याच्या आधीच्या आवृत्तीत कारभाराला तब्बल ३६० मार्क होते आणि शिकण्याला फक्त १८०. म्हणजे ऑनलाइन हजेरी, माहिती वेळेवर भरणं, पदं भरणं असल्या गोष्टींत चांगलं असलेलं राज्य जुन्या पट्टीवर वर बसायचं, तेच राज्य नव्या पट्टीवर खाली येऊ शकतं, आणि मधल्या काळात एकाही वर्गात काही बदललेलं नसेल. डोमेन ठरवले की काम संपलं असं लोकांना वाटतं, खरा निर्णय वजनात असतो, कशाला किती मार्क, आणि तो निर्णय कुठल्यातरी खोलीत बसून चार माणसांनी घेतलेला असतो. त्यात चूक काही नाही, कोणीतरी घ्यायलाच पाहिजे, पण पेपरात नुसती ग्रेड छापून येते आणि वजनं कोणी छापत नाही.

तुमच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं असेलच की मग सरळ मुलांच्या मार्कांवरच टीचरचा पगार ठरवा. ते करून बघितलंय लोकांनी. अमेरिकेत अटलांटा शहरात शाळांच्या टेस्ट स्कोअरवर बढत्या, बोनस, नोकरी सगळं टांगलं होतं. २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत निघालं की ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत फेरफार झाला होता, १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, रबर घेऊन मुलांची चुकलेली उत्तरं खोडून बरोबर करत बसलेले मोठे लोक. २०१५ मध्ये ११ जण कोर्टात दोषी ठरले. ती सगळी माणसं मुळातच वाईट होती असं मला वाटत नाही. सगळा भार एकाच आकड्यावर टाकला की तो आकडा खोटा व्हायला लागतो, हे डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं.

तुमच्या शाळेबद्दल विचारायचं असेल तर शाळेलाच विचारा. तिसरीतली किती मुलं सलग वाचतात, किती दिवस कुठला वर्ग शिक्षकाविना गेला, मुलींचं टॉयलेट चालू आहे का. भागशिक्षणाधिकारी शाळेत येतात तेव्हा काय लिहून जातात तेही बघायला मागा.

प्रश्न : मी सत्तरीतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स. एनक्यूएएसच्या, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या गुणवत्तेच्या, तपासणीत आमचे लेबर रूमचे मार्क पडले कारण ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) बंद होतं. दुरुस्तीसाठी तीनदा लिहून दिलं होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आम्हालाच ऐकवलं, आणि हे एपारमध्ये दिसेल असंही सांगितलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : सिस्टर, बरोबर नाही, आणि का नाही ते त्या तपासणीच्या कागदातूनच दाखवता येतं.

एनक्यूएएसमध्ये आठ विभाग असतात, ए ते एच. सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्था, आणि शेवटी परिणाम. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २. तपासणारा चार तऱ्हेने बघतो, डोळ्याने, स्टाफशी बोलून, रेकॉर्ड उघडून आणि पेशंटला विचारून. एकूण किमान ७० टक्के पडले तर प्रमाणपत्र. आता तुमचं बंद ऑटोक्लेव्ह घ्या. यंत्र चालू नाही म्हणून साधनसामग्रीत मार्क गेला, देखभाल-दुरुस्तीची व्यवस्था नाही म्हणून पूरक सेवांत गेला, आणि निर्जंतुकीकरण नीट होत नाही म्हणून संसर्ग नियंत्रणातही गेला. दुखणं एक आणि मार्क तीन ठिकाणी कापले! मीटिंगमध्ये बसलेल्या साहेबाला मात्र कागदावर लेबर रूम तीनतीन बाबतींत कच्ची दिसते आणि तो लेबर रूममध्ये उभी असलेली सिस्टर शोधतो.

हे मार्क सोडवून वाचायचे असतात. १९६६ मध्ये अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी आरोग्यसेवेची गुणवत्ता बघायची तीन अंगं सांगितली, काय साधनं आहेत, काम कसं केलं जातं, आणि पेशंटचं काय झालं. नर्सच्या हातात यातलं मधलं अंग असतं, तेही सगळं नाही. हात धुण्याची पद्धत, पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता) वेळेवर भरलाय का, बाळंतपणाच्या नोंदी, कचरा रंगाप्रमाणे वेगळा केला का, यावर तुम्हाला जरूर विचारावं, आणि त्यात कमी पडलात तर तुमच्या अहवालात यावं, तिथे मी तुमची बाजू घेणार नाही. यंत्र दुरुस्त करायचा अधिकार आणि पैसे ज्याच्याकडे, त्याच्या अहवालात यंत्र आलं पाहिजे.

तुम्ही एवढंच करा. ती तीन पत्रं लिहिली त्यांचे जावक नंबर आणि तारखा काढा. स्वमूल्यांकनात कमी पडलेलं काम आणि त्याच्या अडचणी लिहायला जागा असते, बरेच लोक तिथे 'काही नाही' लिहितात आणि मग वर्षभर चरफडतात. तिथे दोन ओळी, यंत्र अमुक तारखेपासून बंद, अमुक नंबरच्या पत्राने कळवलं, मधल्या काळात हत्यारं कुठून निर्जंतुक करून आणली. हे शेवटचं विसरू नका, कारण खरं कसब तिथेच दिसतं.

प्रश्न : मी एका ग्रामीण वाचनालयात ग्रंथपाल. माझं काम फक्त 'वर्षात किती पुस्तकं दिली-घेतली' यावर मोजतात. तो आकडा दरवर्षी कमी होतोय. – पेडणे

उत्तर : आकडा कमी होणारच, घरोघरी मोबाइल आहे. पण तुमच्या पत्रातच पुढे लिहिलंय की सकाळपासून पोरं-पोरी स्पर्धा परीक्षांची स्वतःची पुस्तकं घेऊन येऊन बसतात, बसायला खुर्ची मिळत नाही. मग ती खुर्ची मोजा ना. वाचनकक्षाचा वापर, लोकांनी विचारलेली माहिती आणि तुम्ही शोधून दिलेली, संग्रहाची निगा, मुलांसाठी आणि जेष्ठांसाठी काय केलं, असे चार डोमेन करा, देवघेव त्यातल्या एकात एक ओळ राहू दे. समितीला पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा घेऊन जा, १८३२ पासूनची संस्था ती, पाटोच्या इमारतीत तासभर बसून बघू दे लोक ग्रंथालय कसकसं वापरतात ते. पुस्तक घरी नेणं ही त्यातली एक तऱ्हा झाली.

प्रश्न : मी ऑफिस सुपरिंटेंडंट. खरं मूल्यांकन करायला गेलो तर माणसं दुखावतात, म्हणून सगळे साहेब सगळ्यांना ८-९ देतात. मग डोमेन पाडून तरी काय फरक पडणार? आणि मला स्वतःला यंदा साडेपाच मिळालेत. – पणजी

उत्तर : शेवटच्या वाक्यासाठी पत्र लिहिलंत हे कळलं! आधी पहिल्या भागाचं. सगळ्यांना भरघोस मार्क हा आजार काही आपल्याच सचिवालयातला नाही. अमेरिकेत २००९ मध्ये शिक्षकांच्या मूल्यमापनावर एक मोठा अभ्यास झाला, जिथे 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' एवढंच लिहायचं होतं तिथे ९९ टक्क्यांहून जास्त शिक्षक समाधानकारक निघाले. सगळेच पास, म्हणून मग चांगल्याला शाबासकी नाही आणि अडलेल्याला मदतही नाही.

केंद्राच्या एपारमध्ये तर डोमेन आधीपासूनच आहेत, प्रत्यक्ष कामाला ४० टक्के वजन, वैयक्तिक गुणांना ३० आणि कामाच्या जाणकारीला ३०. मार्क १ ते १०. ९-१० किंवा १-२ दिले तर कारण लिहावं लागतं, आणि म्हणूनच साहेब लोक मधल्या सुरक्षित ८ वर येऊन थांबतात, कारण लिहायचा त्रास नको. माझं मत विचाराल तर ७ द्यायलाही कारण लिहायला लावा. प्रत्येक डोमेनखाली ४ म्हणजे काय, ६ म्हणजे काय, ८ म्हणजे काय हे एकेका ओळीत छापा, उदाहरणार्थ फाइलींचा निपटारा, ६ म्हणजे मुदतीत होतो, ८ म्हणजे मुदतीत होतो आणि त्रुटी पहिल्याच टिपणीत निघतात. हे समोर छापलेलं असलं की सगळ्यांना ८ देताना हात थोडा तरी अडखळतो. आणि दोन अधिकाऱ्यांनी वेगवेगळं लिहून मग ताडून बघावं, एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याने 'सहमत' लिहिणं याला पुनर्विलोकन म्हणत नाहीत.

आता तुमचे साडेपाच. ४ पासून ६ च्या आतले मार्क म्हणजे 'चांगला', ६ पासून ८ च्या आत 'अति चांगला'. ऐकायला चांगला हा शब्द बरा वाटतो पण बढतीच्या वेळी तोच आडवा येतो, आणि पूर्वी असा शेरा कर्मचाऱ्याला दाखवतच नसत. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक शेरा, तो चांगला असो वा वाईट, ज्याच्याबद्दल आहे त्याला कळवलाच पाहिजे. २००९ पासून केंद्राने पूर्ण एपार दाखवणं सुरू केलं आणि गोव्यात सेवानियम बऱ्याच अंशी केंद्राचेच चालतात. तुम्हाला प्रत मिळाल्यापासून निवेदन द्यायला १५ दिवस आहेत. साडेपाच कुठल्या डोमेनमुळे झाले ते आधी बघा, तीनही भागांचे मार्क वेगवेगळे दिलेले असतात, आणि निवेदन फक्त त्या भागावर द्या, त्यासोबत त्या कामाचे कागद जोडा. 'माझ्यावर अन्याय झाला' असं चार पानं लिहू नका, सक्षम अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि त्याच्या टेबलावर असली पानं भरपूर असतात. प्रत मिळाल्याची सही करताना तारीख घातलीत ना? नसेल घातली तर उद्या जाऊन आधी ती विचारून घ्या, १५ दिवस तिथूनच मोजतात.